कोचारी नेमकी कुणाची, आणि ती नाचायची कशी?

प्रश्न : ताई, मी आर्मेनियात, येरेवानला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूळची लातूरची. कॉलेजच्या कार्यक्रमात आम्ही हॉस्टेलच्या आठ जणी कोचारी करणार आहोत. वर्गातली आर्मेनियन मैत्रीण म्हणते, हा आमचा नाच. इराणहून आलेला कुर्द वर्गमित्र म्हणतो, आमच्या लग्नांत हेच नाचतात. अझरबैजानच्या नावानेही तो युनेस्कोच्या यादीत आहे म्हणे. मग खरा कुणाचा? कार्यक्रमपत्रिकेत काय लिहायचं? आणि शाळेत मी लेझीम खेळले आहे, त्याचा उपयोग होईल का?

उत्तर :

लेझमीपासून सुरुवात करते, कारण त्यात माझं स्वतःचं हसं झालेलं आहे.

मी साताऱ्याची. शाळेत पीटीच्या तासाला लेझीम शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी येरेवानला सहा वर्षं राहिले आणि पहिल्याच हिवाळ्यात एका लोकनृत्याच्या गटात जाऊन उभी राहिले. मनात म्हटलं, ताल कळतो, पाय मोकळे आहेत, आणखी काय पाहिजे? पाचव्या मिनिटाला शेजारच्या आजींनी माझा हात सोडला, मला रांगेतून बाहेर काढलं आणि पार शेवटी नेऊन उभं केलं. मी उंच उड्या मारत होते आणि दर उडीला माझे खांदे वर जात होते. खांदे गेले की हात जातात आणि हात गेले की दोन्ही बाजूंच्या माणसांना हिसका बसतो. लेझमीत आपण चार फूट जागा घेऊन खेळतो, वाकतो, उठतो, हत्यार हातात असतं. इथे हातात शेजारच्याची बोटं असतात. पुढचे दोन महिने मी शेपटालाच नाचले.

म्हणून लेझमीचा उपयोग होईल, पण पहिल्या दिवसापुरताच. मात्रा चुकणार नाहीस आणि दमही पुरेल. दुसऱ्या दिवसापासून लेझीम विसरायला लागायचं. लेझमीचं अंग वर उसळतं, कोचारीचं वजन खाली जमिनीत जातं. पाय आपटला तरी कंबरेच्या वरचं शरीर देवळाच्या खांबासारखं स्थिर. सगळं काम गुडघ्यात. आर्मेनियन लोक याला ‘द्झ्नकाखाघ’ म्हणतात, म्हणजे गुडघ्यांचा खेळ. दर ठोक्याला दोन्ही गुडघे किंचित दुमडतात आणि परत येतात, स्प्रिंगसारखे. पाऊल टाकत नसशील तेव्हाही हे चालूच राहतं. हे आलं नाही तर पुढची पावलं कितीही पाठ कर, दिसेल ती पीटीची कवायत.

आता ‘कुणाचा’. गोंधळ होतो कारण आपण एका नावाखाली एकच नाच आहे असं धरून चालतो. कोचारी हे खरं तर नाचांच्या एका कुळाचं नाव आहे. अरारात डोंगराच्या चारी बाजूंना, म्हणजे आजचा आर्मेनिया, पूर्व तुर्कस्तान, नाखिचेवान (अझरबैजानचा मुख्य भूमीपासून तुटलेला तुकडा), वायव्य इराण आणि तिथून उखडून ग्रीसला गेलेली माणसं, या सगळ्यांत ते पसरलं आहे. आर्मेनियन ‘कोचारी’ म्हणतात, पाँटसचे, म्हणजे काळ्या समुद्राकाठचे, ग्रीक ‘कोत्सारी’, अझेरी म्हणजे अझरबैजानी लोक ‘कोचारी’ किंवा ‘कोचेरी’, कुर्द ‘कोचेरी’, एर्झुरुमकडचे तुर्क ‘कोचेरी’. गाव बदललं की पावलं बदलतात. आर्मेनियन लोकांतसुद्धा, आज पूर्व तुर्कस्तानात असलेल्या जुन्या गावांप्रमाणे, मुशची वेगळी, वानची वेगळी, सासूनची आणखी वेगळी.

नावाच्या अर्थाचं तर विचारूच नकोस. प्रत्येकाला तो आपल्याच घरात सापडतो. तुर्की-अझेरीत ‘कोच’ म्हणजे मेंढा, आणि नाचात एकदम पुढे झेप घेऊन गुडघे वाकवायची जी लकब आहे ती दोन मेंढे टक्कर घेतात तशी दिसते हे खरंच. त्याच भाषांत ‘कोच’शी जुळता दुसरा शब्द स्थलांतराचा, आणि कुर्दीत ‘कोचेर’ म्हणजे भटका मेंढपाळ, म्हणून तुझा वर्गमित्र सांगेल की हा धनगरांचा नाच. पाँटसच्या ग्रीक बोलीत ‘कोत्स’ म्हणजे टाच, आणि टाचेचे ठोके तर या नाचात भरपूर. आर्मेनियनमध्ये शेवटच्या ‘आरी’चा अर्थ ‘ये’ असाही होतो आणि ‘शूर’ असाही. मी एका संध्याकाळी चार देशांच्या चार माणसांकडून चार व्युत्पत्त्या ऐकल्या आहेत, आणि चौघेही तेवढ्याच खात्रीने बोलत होते. मला विचारशील तर मेंढ्याची बाजू जरा जड वाटते, पण ती शब्दकोशामुळे नाही, नाचताना मानेला आणि छातीला जे वाटतं त्यामुळे. तो पुरावा कोर्टात टिकणारा नाही.

युनेस्कोचं तू वाचलंस ते बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. २०१७ साली दक्षिण कोरियात जेजू बेटावर झालेल्या बैठकीत आर्मेनियाच्या नावाने ‘कोचारी, पारंपरिक समूहनृत्य’ मानवतेच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत गेलं. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, मॉरिशसमधल्या बैठकीत अझरबैजानच्या नावाने ‘याल्ली (कोचारी, तेंझेरे), नाखिचेवानची पारंपरिक समूहनृत्यं’ दाखल झाली. पण त्या यादीचं नाव वेगळं आहे: तातडीने जपण्याची गरज असलेला वारसा. एका वर्षाच्या अंतराने, एकमेकांशी सरहद्द बंद असलेल्या दोन देशांनी एकाच नावाचा नाच नोंदवला. यात युनेस्कोने मालकीचा निकाल दिला असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. या याद्या सातबाऱ्याचे उतारे नव्हेत. एखाद्या समाजात ही गोष्ट जिवंत आहे आणि तो समाज ती आपली मानतो, इतकंच त्या म्हणतात. दुसऱ्याची नाही, असं कुठेच म्हणत नाहीत.

मला त्या दोन नोंदींत मालकीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. आर्मेनियाच्या नोंदीचा सूर असा, की लग्न, सण, घरचा समारंभ, कुठेही, कोणत्याही वयाचा माणूस येऊन हात धरतो आणि नाचतो. अझरबैजानच्या नोंदीचा सूर काळजीचा: कामधंद्यासाठी माणसं गावं सोडून गेली आणि आपसूक होणारा नाच रंगमंचावर जाऊन सोपा, सपाट होत गेला. नाखिचेवानमधला शरूर हा याल्लीचा बालेकिल्ला. अरारात तिथूनही दिसतो आणि येरेवानहूनही.

हा सपाटपणा आर्मेनियालाही सुटलेला नाही, आणि तुम्ही कार्यक्रमात नाचणार म्हणून हे जरा खोलात सांगते. १९३८ साली तातुल अल्तुन्यान यांनी आर्मेनियाचं सरकारी गाणं-नाच पथक उभं केलं. सोव्हिएत काळात असली पथकं सगळ्याच प्रजासत्ताकांत होती. कसलेले नर्तक, देखणे पोशाख, घड्याळासारखी शिस्त. त्यांच्यामुळे कितीतरी चाली आणि पावलं जगाला दिसली. पण प्रेक्षक समोर बसले की वर्तुळ फुटतं. ज्या नाचात सगळ्यांची तोंडं आत, एकमेकांकडे असतात, तो सरळ रेषेत प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो. उड्या उंच होतात, बायकांच्या मनगटांना नाजूक वळणं येतात, वीस मिनिटांचा नाच साडेतीन मिनिटांत बसवतात. आपल्याकडे गावच्या गजीनृत्याचं प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावर गेल्यावर जे होतं, तेच.

याच्या उलट दिशेने काम करणारी बाई म्हणजे स्र्बुही लिसित्स्यान. १८९३ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, तिचा जन्म. गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना ती नाचायला लावायची आणि त्यांच्या हालचाली कागदावर उतरवायची. त्यासाठी तिने स्वतःची चिन्हलिपी बनवली, त्यावरचं पुस्तक १९४० ला आलं. पुढे आर्मेनियन जुन्या नाचांवरचे तिचे दोन जाडजूड खंड १९५८ आणि १९७२ मध्ये निघाले. तिच्याकडे नाच सांगणारी कितीतरी माणसं ऑटोमन तुर्कस्तानातल्या १९१५ च्या आर्मेनियन संहारातून वाचून पूर्वेकडे आलेली होती. सासूनची माणसं आजच्या आर्मेनियातल्या तालिनच्या बाजूला वसली होती. एर्झुरुमची, ज्याला आर्मेनियन ‘कारिन’ म्हणतात, त्यातली बरीच तर १८२९-३० च्या सुमारासच वायव्य आर्मेनियातलं ग्युमरी आणि जॉर्जियातलं जावाख्क इकडे आली होती. गाव गेलं, शेत गेलं, पण बाप कसा उभा राहून नाचायचा ते पायांत राहिलं. म्हणून आजही जाणकार माणूस रांगेकडे बघून सांगतो, हे लोक मुशकडचे, ते शिराकचे, म्हणजे ग्युमरीच्या भागातले. तो चेहरा बघत नाही, गुडघे आणि हातांची पकड बघतो.

पकडीवरून तर मलाही आता बरंचसं ओळखता येतं. आर्मेनियन कोचारीत साधारणपणे बोटांत बोटं गुंफून हात सरळ खाली, खांद्याला खांदा चिकटलेला. मध्ये कागद सरकणार नाही इतकं जवळ. पुष्कळ शांत नाचांत मात्र फक्त करंगळीत करंगळी. पाँटसचे ग्रीक कोत्सारीत शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात, वर्तुळ उजवीकडे फिरतं आणि दर ठोक्याला गुडघ्यात दुहेरी हिंदकळा असतो, अंगभर थरथर उठवणारा. वाद्य बहुतेकदा तीन तारांची लिरा, तिचा आवाज चिरका, बोचरा. हे लोक काळ्या समुद्राच्या काठावरून आणि कार्सच्या भागातून गेलेले. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत त्यांच्यातले पुष्कळ ग्रीसला पोचले. मी थेस्सालोनिकीला एका लग्नात त्यांची कोत्सारी बघितली तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं की हे आपलंच कुणीतरी आहे, आणि तिसऱ्या मिनिटाला नाचायला घुसले तर माझे पाय पार चुकले. चुलत भावंडांच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटलं. भाजी तीच, फोडणी निराळी.

अझेरी याल्ली संथ सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने चढते. पुढच्याला ‘याल्लीबाशी’ म्हणतात, तुर्कांकडे हाच माणूस ‘हालायबाशी’. अनेक याल्लींत खेळ आणि नकला असतात, पक्ष्यांच्या, जनावरांच्या. कुर्दांच्या ‘गोवंद’मध्ये खांद्यांचं काम जास्त, आणि रांग कधीकधी इतकी लांब की शेवटच्या माणसाला पुढचा दिसतही नाही. गंमत म्हणजे ‘गोव्न्द’ हा शब्द आर्मेनियन लोकांतही आहे, तोही साखळीच्या नाचासाठीच. असीरियन लोकांच्या ‘खिग्गा’कडे बघितलंस तर तेही याच ओळीत उभे आहेत.

अझेरी नोंदीतला ‘तेंझेरे’ही थांबून बघण्यासारखा आहे. त्याचंच आर्मेनियन नाव ‘तामझारा’. तुर्कस्तानात शेबिनकाराहिसारजवळ तामझारा नावाची वस्ती आजही आहे. आर्मेनियन, तुर्क, ग्रीक, असीरियन, अझेरी सगळे तो नाचतात. कोचारीला दोन-दोनचा सरळ ठोका, आपल्या केरव्याच्या कानाला लगेच पटणारा. तामझाराला नऊ: दोन, दोन, दोन, तीन. तो शेवटचा तीनचा तुकडा म्हणजे पायरी चुकल्यासारखा. लेझीम खेळलेल्या माणसाला हमखास पाडतो. मी घरात पोळ्या लाटताना ‘चहा, चहा, चहा, साखर’ असं म्हणून शिकले. तुम्ही कार्यक्रमाला तामझारा घेऊ नका. दोन महिन्यांत पायांत बसत नाही.

आणखी एक दावा तुझ्या कानावर येईल, प्राचीनत्वाचा. बाकूजवळ गोबुस्तानच्या खडकांवर हात धरून उभ्या माणसांची रांग कोरलेली आहे, ती याल्ली असं अझेरी म्हणतात. आर्मेनियात गेघामा डोंगरातल्या खडकचित्रांकडे बोट दाखवून तसंच म्हणतात. आपल्या भीमबेटकालाही रांगेने नाचणारी माणसं रंगवलेली आहेतच. माणसं हजारो वर्षं हात धरून नाचत आली, एवढं या चित्रांतून नक्की कळतं. खडकावर गुडघा हलत नाही, त्यामुळे ती कोचारी होती की आणखी काही, हे त्यातून कळत नाही. हा वाद सुरू झाला की मी चहा ठेवायला उठते.

आता तुमच्या आठ जणींचं बघू.

आधी पत्रिका. नुसतं ‘कोचारी – आर्मेनियन लोकनृत्य’ लिहिलंस तर येरेवानमध्ये ते अजिबात खोटं नाही. तुम्ही आर्मेनियात, आर्मेनियन शिक्षकाकडून, आर्मेनियन रीत शिकणार आहात. पण मी असते तर ज्यांच्याकडून शिकले त्यांना विचारून भागाचं नाव घातलं असतं: ‘कोचारी, मुशकडची रीत’, किंवा जी असेल ती. असं लिहिलं की कुणाचं काही हिसकावल्यासारखं होत नाही, आणि जाणकार खूश होतात, कारण बहुतेकांना हे नावच ठाऊक नसतं. निवेदनात ‘शेजारच्या अनेक लोकांतही हा नाच आहे’ हे एक वाक्य बोलायला हरकत नाही. पण अझरबैजानचं नाव घेऊन तुलना करायला मंचावर जाऊ नकोस. भीतीपोटी सांगत नाही. काराबाख या डोंगरी भागावरून अझरबैजानशी झालेलं २०२० चं युद्ध आणि २०२३ मध्ये तिथून एका आठवड्याभरात एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घरदार सोडून आली, हे तिथे कालपरवाचं आहे. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईचा मुलगा कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं. पाहुण्याने यजमानाच्या घरात कुठला विषय कधी काढावा, हे आपल्याला लातूर-साताऱ्यात शिकवलेलं असतंच.

या नाचाला तिकडे किती वजन आहे तेही लक्षात ठेव. मे १९४५ मध्ये लाल सेनेची ८९ वी तामान्यान डिव्हिजन, जिच्यात बहुसंख्य आर्मेनियन होते, बर्लिनला पोचली आणि राइखस्टाग या जर्मन संसदेच्या इमारतीपाशी त्या सैनिकांनी कोचारी नाचली. आर्मेनियातलं शेंबडं पोरही हे सांगतं. २०१८ च्या वसंतात सरकारविरोधी आंदोलनात येरेवानचे रस्ते अडवून बसलेली तरुण मुलं त्याच रस्त्यांवर कोचारी नाचत होती. तेव्हा मंचावर मध्येच हसून एकमेकींना कोपर मारणं, मोबाईलकडे बघून हात हलवणं, असलं काही नको. चेहरा गंभीर असतो, डोळे समोर. रडका नव्हे हं, रुबाबाचा. आपल्याकडे पालखीपुढे ढोलवाले उभे राहतात तसा.

शिकायचं कसं? व्हिडिओवरून शिकू नकोस. व्हिडिओत पावलं दिसतात, वजन दिसत नाही. ‘कारिन’ नावाचा लोकगीत-नृत्य गट आहे, गागिक गिनोस्यान यांनी २००१ मध्ये सुरू केलेला. मंचासाठी न घासलेली, गावांतून उचललेली पावलं हा त्यांचा आग्रह. मी तिथे होते तेव्हा उबदार महिन्यांत शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी येरेवानमधल्या कॅस्केड या भल्यामोठ्या जिन्याच्या पायथ्याशी त्यांचा उघड्यावरचा वर्ग भरायचा. फी नाही, नावनोंदणी नाही. आजोबा, पर्यटक, सुट्टीवरचे शिपाई, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, सगळे एका साखळीत. तुझ्या मैत्रिणीला विचार, ती घेऊन जाईल.

सुरुवात ‘एर्कू ग्नाल, मेक दार्नाल’ने कर. म्हणजे ‘दोन जाणे, एक वळणे’: उजवीकडे दोन मापं जायचं, डावीकडे एक माप परत यायचं. कितीतरी आर्मेनियन साखळी-नाचांचा हा सांगाडा आहे. एकूण रांग उजवीकडेच सरकते. उजवी बाजू शुभ, डावीकडे जाणारे नाच जुन्या काळी शोकाशी जोडलेले. म्हणून चुकून उलट्या बाजूने सुरू केलंत तर म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. हे पायांत मुरलं की मग कोचारीची टाच घ्या, मग पुढची झेप आणि गुडघ्यांची बैठक, मग मागे सरकणं. तालीम कठीण जमिनीवर आणि पातळ तळव्याच्या बुटांत करा. जुनी पायताणं कच्च्या चामड्याची असायची, ‘त्रेख’ म्हणतात, त्यातून जमीन कळायची. जाड रबरी तळव्याचे बूट गुडघ्याचा अर्धा खेळ गिळून टाकतात. मात्र तुमच्या हॉस्टेलची फरशी सिमेंटची असणार. अर्ध्या तासापेक्षा जास्त टाचा आपटू नका. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, त्याचं निम्मं श्रेय अशाच एका फरशीला आहे. गुडघ्याच्या वाटीचं बाकी तू मला सांगायचंस, मी तुला नव्हे.

सर्वांत उजवीकडची मुलगी पुढारी. तिच्या मोकळ्या हातात रुमाल. वेग ती वाढवते, पाऊल बदलायची खूण ती देते, ‘हॉप!’ म्हणून आरोळी तिची. तुमच्यातली सर्वांत चांगली नाचणारी इथे ठेवा, आणि दुसरी चांगली शेपटाला. शेपूट सैल असलं की वळणावर अख्खी साखळी लटपटते. मला शेवटी उभं केलं होतं ते शिक्षा म्हणून, असं मी तेव्हा धरलं होतं. पुढे कळलं की नवख्याने शेवटी जोडलं जायचं ही तिथली रीतच आहे, आणि पुढाऱ्याच्या पुढे जाऊन हात धरणं हा मोठा अपमान. मंचावर मात्र सगळ्याच नवख्या, तेव्हा शेपटाला भक्कम मुलगी हवी.

आठ जणींची उंची कमी-जास्त असेल तर उतरत्या क्रमाने लावू नका. ती शाळेची प्रार्थना होते. एक उंच, एक बुटकी असं चाललं तर खांदे जुळत नाहीत. जवळपासच्या उंचीच्या जोड्या करा. रेषा सरळ नको, चंद्रकोर करा. तोंडं थोडी आत राहतील आणि प्रेक्षकांनाही दिसाल. भाड्याने चकचकीत पोशाख आणू नका. आर्मेनियन पारंपरिक वेषाला ‘ताराझ’ म्हणतात आणि त्याचेही भागवार नियम आहेत. ते न पाळता घातलेला सॅटिनचा झगा लांबूनच ओळखू येतो. काळा साधा कुर्ता, कंबरेला रुंद लाल पट्टा, बस.

संगीत शक्य असेल तर जिवंत घ्या. झुर्ना आणि ढोल. हो, ढोलच म्हणतात, तोच शब्द. हातांनीही वाजवतात आणि काठ्यांनीही. झुर्ना म्हणजे आपल्या सनईची बहीण, जर्दाळूच्या लाकडाची, आवाज मात्र सनईपेक्षा कितीतरी राकट. बरोबर दुसरी झुर्ना एकच सूर धरून बसते, त्याला ‘दाम’ म्हणतात, अगदी आपल्या सनईवाल्याच्या सुऱ्यासारखा. तोही गाल फुगवून, श्वास न तोडता. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला थेट लग्नाच्या मांडवाची आठवण झाली आणि तिथेच डोळे भरून आले, त्या आजींना वाटलं माझा पाय मुरगळला. बंद सभागृहात झुर्ना कान फाडते, तेव्हा वादकांना मंचाच्या मागच्या बाजूला उभं करा. ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर संथ सुरू होऊन चढत जाणारं निवडा. सुरुवातीपासूनच धावणारं, मागे इलेक्ट्रॉनिक ठेका लावलेलं लग्नाच्या हॉलमधलं रेकॉर्डिंग घेतलंत तर गुडघ्यांना बसायला वेळच मिळत नाही.

तुझ्या कुर्द वर्गमित्राला तालमीला बोलाव. वाद घालायला नाही. त्याला म्हण, तुझ्या घरच्या लग्नात कसं करतात ते दाखव. आर्मेनियन मैत्रिणीला शेजारी उभी कर. दोघांचे गुडघे एकाच ठोक्यावर कुठे खाली जातात आणि कुठे चुकतात ते तू बस आणि बघ, वहीत लिहून ठेव. माझ्या वह्यांतला सगळ्यात चांगला मजकूर असाच जमलेला आहे.

आणि एक राहिलंच. तालमीला येताना अंगठ्या काढून या. सगळ्या जणी. बोटांत बोटं गुंफून वीस मिनिटं नाचल्यावर शेजारणीची खड्याची अंगठी कुठे रुतते, ते माझ्या डाव्या करंगळीवर अजून दिसतं.